मजकूर न वाचता उलगडून द्यावा

निवृत्ती पगारे हे नाव ऐकलं की लोकांना वाटायचं, माणूस पेन्शनीत निघालेला आहे. प्रत्यक्षात तो चोवीस वर्षांचा होता आणि अजून नोकरीलाच नीट लागलेला नव्हता. नाशिकरोडच्या कांदा साठवण मंडळाच्या विभागीय कार्यालयात तो संगणकचालक होता खरा, पण एका वेळी एकोणतीस दिवस. सलग तीस दिवस कामावर ठेवलं तर माणसाला कायम होण्याची आशा लागते, अशी पुण्याच्या मुख्यालयाची समजूत होती. म्हणून एकोणतीस दिवस भरले की त्याला घरी बसवायचं, तिसावा दिवस तो मंडळाला अनोळखी, आणि एकतिसाव्या दिवशी नवा नेमणूक-आदेश हातात देऊन पुन्हा पहिल्यापासून. १९८८ च्या फेब्रुवारीत त्याची चौदावी नेमणूक चालू होती. त्याचे वडील सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर होते. ते म्हणायचे, मी जन्मात एकदाच नोकरीला लागलो, पोरगा चौदा वेळा लागला, शिक्षणाचा फायदा असतो.

कार्यालयात संगणक एकच होता. त्याच्यासाठी कोपऱ्यातली खोली काचेने बंद करून वातानुकूलित केली होती. मंडळाचा हजारो क्विंटल कांदा गोदामात पंख्याशिवाय कुजत पडलेला असायचा, पण त्या कुजलेल्या कांद्याचा हिशोब थंड हवेत व्हायचा. खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. दसऱ्याला शिपाई बहिरूने यंत्राची यथासांग पूजा केली, तेव्हापासून एच या अक्षराचं बटण हळदीमुळे अडकत होतं आणि ते दोनदा दाबावं लागायचं. मे महिन्यात सगळा कर्मचारीवर्ग आपापल्या शंका घेऊन या खोलीत यायचा. शंका कुणालाच आठवायची नाही, पण आठवेपर्यंत लोक उभे राहायचे.

खंडेराव बोरस्ते हे विभागीय व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला ते चारचौघांत तुम्ही म्हणायचे आणि खोलीत तू. त्यांचं दुखणं एकच होतं: त्यांच्या कार्यालयात गोपनीय असं काही टिकत नव्हतं. पाकिटावर 'गोपनीय' असा तांबडा शिक्का बसला की ते पाकीट इतरांच्या आधी वाचलं जायचं. साधी पत्रं महिना महिना कुणी उघडत नसे, त्यामुळे निवृत्तीचं असं मत होतं की खरोखर लपवायचं असेल तर साहेबांनी पाकिटावर 'अत्यंत महत्त्वाचे परिपत्रक' असं लिहावं. पण चौदाव्या नेमणुकीतल्या माणसाने मत द्यायचं नसतं.

प्रकरण हातघाईवर आलं ते नामपूरच्या गोदामपालावरून. साहेबांनी त्याच्याविषयी मुख्यालयाला गोपनीय अहवाल लिहिला. टंकलिखित होऊन तो सहीसाठी टेबलावर आला त्याच दिवशी दुपारी गोदामपाल एस्टीने सटाण्यावरून येऊन साहेबांसमोर उभा राहिला आणि पान दुसरे, ओळ चौथी, असं अचूक सांगून विचारता झाला, "साहेब, मी आळशी शे?" साहेबांनी अजून सही केली नव्हती. त्यांनी ते कागद त्याच्यासमोर फाडले, त्याला चहा पाजला, आणि तो गेल्यावर निवृत्तीला बोलावलं.

साहेबांचा प्रश्न सरळ होता. हे यंत्र एवढं थंड हवेत बसून असतं, त्याच्याच्याने काही गुप्तता होईल का?

निवृत्तीच्या आयुष्यात पहिल्यांदाच कुणी वरच्या माणसाने त्याला काही विचारलं होतं. त्याने लगेच होय म्हटलं आणि मग काय करता येईल याचा विचार रात्रभर एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये छताकडे बघत केला. संगणकाच्या कोर्समध्ये त्याला आकड्यांचा तक्ता शिकवला होता: उभे रकाने, आडव्या ओळी, प्रत्येक घरात आकडा किंवा सूत्र. सूत्र म्हणजे शेजारच्या घरात काय आहे ते बघून आपल्या घरात काय ठेवायचं हे ठरवणारा नियम. चाळीत लोक राहतात ते याच नियमाने, त्यामुळे निवृत्तीला ते पटकन समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं कार्यालय चपला काढून काचेच्या खोलीत जमलं आणि निवृत्तीने प्रात्यक्षिक दाखवलं.

इंग्रजी अक्षरं सव्वीस, असं त्याने सांगितलं. मराठी मजकूर आपण इंग्रजी अक्षरांत लिहू, कारण यंत्राला तेवढीच येतात. शाळेत हजेरी असते तसा प्रत्येक अक्षराला एक नंबर द्यायचा. ए एक नंबर, बी दोन, करत करत झेड सव्वीस. पहिल्या रकान्यात अक्षर, दुसऱ्यात त्याचा नंबर. मग वर कोपऱ्यातल्या एका घरात एक गुप्त आकडा ठेवायचा. ही किल्ली. समजा, तीन. तिसऱ्या रकान्यात सूत्र असं की नंबरात किल्ली मिळव, आणि बेरीज सव्वीसच्या वर गेली तर सव्वीस वजा कर, म्हणजे गाडी झेडच्या पुढे न जाता परत ए पाशी येते. चौथ्या रकान्यात त्या नव्या नंबराचं अक्षर. ज्याला किल्ली ठाऊक, त्याने तेवढीच वजा करायची, मजकूर परत जागेवर.

त्याने उदाहरणादाखल 'चहा' लिहिलं. सी, एच, ए, एच, ए. एच दोनदा दाबताना जरा वेळ गेला. मग एंटर दाबल्यावर समोर आलं: एफ, के, डी, के, डी.

 मग निवृत्तीने कोपऱ्यातल्या घरात तीनच्या जागी चार केलं आणि सगळा तक्ता एकदम एकेक घर सरकला. साहेबांच्या तोंडून 'अरारा' असा आवाज आला. एका आकड्यासरशी एवढ्यांची बदली झालेली त्यांनी मंत्रालयातसुद्धा पाहिली नव्हती.

बहिरू पेठ तालुक्यातला, पन्नाशीचा, सातवी पास. तो दाराशी उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरतात, तसंच हाय हे. बघणाराला रुमाल दिसतो."

साहेबांना हे फार आवडलं आणि त्यांनी पुढच्या पत्रात ते स्वतःचं म्हणून वापरलं.

नाराज फक्त विमलाबाई होत्या. त्या आवक-जावक सांभाळत. जावक नोंदवहीत पत्राचा विषय लिहिल्याशिवाय त्यांनी वीस वर्षांत एक पोस्टकार्डही बाहेर जाऊ दिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मी विषयाच्या रकान्यात काय लिहू? एफकेडीकेडी? साहेब म्हणाले, गोपनीय असं लिहा. त्या म्हणाल्या, गोपनीय हा विषय नसतो, स्वभाव असतो. शेवटी ठरलं की त्या लिहितील, पण पेन्सिलने.

आठवडाभरात कार्यालयात सगळीकडे गुप्तता पसरली. चहावाल्याला एफकेडीकेडी पाच कप अशी चिठ्ठी जाऊ लागली आणि तो बिनदिक्कत पाच चहा पाठवू लागला. किल्लीबद्दल साहेबांनी वेगळं परिपत्रक काढलं. सरकारी तिजोरीची किल्ली असते तशी या किल्लीचीही जोखीम आहे, सबब ती कोणीही कोठेही लिहून ठेवू नये, मनात ठेवावी. तिजोरीच्या नियमाप्रमाणे दुसरी किल्ली सीलबंद करून बँकेत ठेवावी लागते, तर त्याचं काय, असं मुख्य लिपिकांनी टिपण पाठवून विचारलं. साहेबांनी शेरा मारला: दुसरी किल्ली दुसऱ्या मनात ठेवावी. कुणाच्या, हे लिहिलं नाही.

निवृत्तीने एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. अक्षरं सव्वीस, म्हणजे किल्ल्या पंचवीसच. सव्विसावी लावली तर चहाचा चहाच राहतो. पंचवीस किल्ल्या एकेक करून लावून बघायला यंत्रावर दहा मिनिटं लागतात, कागदावर फार तर एक दुपार. कुलूप होतं ते खेळण्यातलं होतं. पण चौदा नेमणुकांनंतर पहिल्यांदा साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. हात काढा, कुलूप खोटं आहे, असं तेव्हा कोण म्हणतं?

मार्चमध्ये पंधरावी नेमणूक सुरू झाली आणि अकराव्या दिवशी पुण्याहून परिपत्रक आलं. ज्या संगणकचालकांना तुटक तुटक का होईना वर्ष झालं आहे, त्यांना कायम करण्याचा विचार आहे. विभागीय व्यवस्थापकांनी प्रत्येकाबद्दल आपला गोपनीय अभिप्राय पाठवावा. अनुकूल असेल तर कायम, प्रतिकूल असेल तर चालू नेमणुकीनंतर पुन्हा नेमणूक नाही. एकोणतिसाव्या दिवशी एक तर हा दरवाजा उघडायचा नाहीतर कायमचा लागायचा. मधलं काही उरलं नव्हतं.

निवृत्तीने घरी सांगितलं. आई, सुलाबाई, भाकरी थापता थापता थांबली आणि तिने विचारलं की साहेब आपला आहे का. निवृत्ती म्हणाला, खांद्यावर हात ठेवतो. सावळीराम म्हणाले, हात खांद्यावर ठेवतात ते दाबायच्या आधी. मग जेवणं झाली.

अभिप्राय निवृत्तीबद्दलचा असल्याने तो निवृत्तीने टंकित करणं योग्य नव्हतं. साहेबांनी स्वतः करायचं ठरवलं. दोन दिवस ते काचेच्या खोलीत दार लावून एका बोटाने अक्षरं शोधत बसले आणि निवृत्ती बाहेर चपलांजवळ बाकावर बसून राहिला. काचेतून साहेबांचा चेहरा दिसायचा, यंत्राचा पडदा दिसायचा नाही. मधूनच ते दार किलकिलं करून विचारायचे, "पगारे, व्ही कुठे आहे?" निवृत्ती सांगायचा, सीच्या शेजारी. आणि मग उरलेला तास व्ही ने सुरू होणारे किंवा व्ही असलेले शब्द आठवत बसायचा. विश्वासू. विघ्नसंतोषी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रिंटरने करवतीसारखा आवाज करत एक पान बाहेर टाकलं. साहेबांनी गुप्ततेसाठी तक्ता साठवून न ठेवता यंत्राचं बटण बंद केलं. पत्र पाकिटात गेलं. विमलाबाईंनी पेन्सिलने 'गोपनीय' लिहिलं. शिवाय पुण्यात पत्र उघडता यावं म्हणून साहेबांनी किल्ली वेगळ्या पाकिटातून पाठवली, हे शहाणपणाचंच होतं. फक्त किल्ली हीच सगळ्यांत गोपनीय वस्तू, असा विचार करून त्यांनी किल्लीचं पत्रही त्याच किल्लीने कुलूपबंद केलं होतं.

पुण्याहून उत्तर आलं ते पंधराव्या नेमणुकीच्या अठराव्या दिवशी. दोन्ही पत्रे मिळाली. पहिले वाचता येत नाही. दुसरे पहिल्यासारखेच आहे. तरी सोबत परत पाठविलेले पहिले पत्र आपल्या संगणकचालकाकडून उलगडून घेऊन त्याची सत्यप्रत साक्षांकित करून सात दिवसांत पाठवावी. न आल्यास अभिप्राय प्रतिकूल समजण्यात येईल.

साहेबांनी किल्ली मनात ठेवली होती. आता मनात बघितलं तर ती तिथे नव्हती. त्यांना आधी खात्री होती की अकरा, मग खात्री झाली की एकवीस. दोन दिवस ते एकटेच आत बसून वजाबाक्या करत होते, आणि बाहेर सांगत होते की यंत्राची तपासणी चालू आहे. नवा अभिप्राय लिहून पाठवावा, तर एका इसमाबद्दल दोन जावक क्रमांकांनी दोन अभिप्राय गेले असा लेखापरीक्षणाचा आक्षेप येतो. वीस वर्षं विमलाबाई सांभाळल्यामुळे साहेबांना हे ठाऊक होतं. शेवटी विसाव्या दिवशी त्यांनी निवृत्तीला बोलावलं आणि तो कागद त्याच्याकडे सरकवला. एक बोट मात्र कागदावरच राहिलं.

"पगारे, हे उलगडून दे."

"देतो, साहेब."

"पण गोपनीय आहे. तुझ्याबद्दलच आहे. तर मजकूर न वाचता उलगड."

निवृत्तीने यावर विचार केला. "प्रयत्न करतो," तो म्हणाला.

आदेश तोंडी राहू नये म्हणून साहेबांनी तो लेखी दिला. 'मजकूर न वाचता उलगडून द्यावा.' खाली सही, तारीख.

निवृत्ती आत जाऊन बसला. दार लावलं. पत्राची पहिली ओळ बघितली आणि त्याला पहिलाच शब्द ओळखीचा वाटला. ई, झेड, एम, आय, एल, के, के, झेड. कांद्याच्या करप्यावर फवारायच्या औषधाचं नाव असावं तसा शब्द. पण आठ अक्षरं, दुसरं आणि शेवटचं सारखं, सहावं आणि सातवं सारखं. असा चेहरा त्याने शाळेपासून प्रत्येक वहीवर इंग्रजीत लिहिलेला होता. वेषांतर करून आलेला माणूस चालीवरून कळावा तसं त्याला आपलं स्वतःचं नाव कळलं. एन पासून झेडवरून वळून ई पर्यंत मोजलं, किल्ली सतरा. पंचवीस किल्ल्या लावायची गरजच उरली नाही, साहेबांच्या कुलपाला निवृत्तीच लागला होता.

मग त्याने मजकूर न वाचता उलगडायचा प्रामाणिक प्रयत्न केला. एक अक्षर लिहायचं आणि लगेच दुसरीकडे बघायचं. तीन शब्दांपर्यंत जमलं. चौथा शब्द 'हुशार' होता आणि तिथे नजर चिकटली. पूर्ण मजकूर असा होता:

'निवृत्ती पगारे हे हुशार, वक्तशीर व विश्वासू आहेत. तथापि या कार्यालयातील कोणतेही गोपनीय पत्र उघडणे या एकाच इसमास शक्य आहे. असा इसम कायम केल्यास तो कायमच सर्व वाचत राहील. ही बाब धोकादायक आहे. सबब कायम करू नये.'

निवृत्तीने ते चारदा वाचलं. एकदा न वाचण्याचा आदेश मोडल्यावर पुढच्या तीन वेळांचं काही वाटत नाही. हवा थंड होती तरी त्याची कानशिलं तापली. पत्र उघडता आलं नाही म्हणून सांगावं, तर तो बिनकामाचा ठरतो आणि अभिप्राय प्रतिकूल. उघडून द्यावं, तर तो धोकादायक ठरतो आणि त्याचा पुरावा त्यानेच टंकित केलेला असतो. दोन्ही वाटा एकलहऱ्याला घरी जात होत्या.

तिसरीही वाट होती आणि ती फारच सोपी होती. 'करू नये' च्या जागी 'करावे' लिहायचं. धोकादायक गाळायचं. जगात ही किल्ली फक्त त्याच्याकडे होती, साहेबांना काल काय लिहिलं ते आठवत नव्हतं, तर गेल्या आठवड्यातलं काय आठवणार. त्याने 'करावे' लिहूनही बघितलं. पडद्यावर ते चांगलं दिसत होतं. सावळीरामांना कळलं असतं तर काय म्हणाले असते, याचा विचार करायची त्याला गरज पडली नाही, कारण ते ऐकूच आलं. सत्यप्रतीत खोटं लिहायचं तर शिकवलं कशाला, साध्या प्रतीत लिहायला बिनशिकलेला पण चालला असता. त्याने 'करावे' पुसलं आणि तरी दुपारच्या जेवणापर्यंत बोट बटणावर ठेवून बसून राहिला.

जेवणानंतर तो सत्यप्रत घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी ती वाचली. वाचताना त्यांचे कान हळूहळू लाल झाले, कारण ज्याच्याबद्दल लिहिलं तो समोर उभा राहून आपल्याच वाक्याकडे उलट्या बाजूने बघत होता.

"सगळं तसंच आहे?" त्यांनी विचारलं.

"एक बदल केलाय, साहेब. धोकादायकमध्ये एच राहिला होता. बटण एकदाच दाबलं गेलं असेल."

"बाकी काही बदललं नाहीस?"

"सत्यप्रत आहे, साहेब."

साहेब बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत बसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "मला नीटसं आठवत नव्हतं रे. तू काही दुसरं लिहून आणलं असतंस तरी मी सही केली असती." आणि जरा थांबून, "सकाळपासून मी वाट बघत होतो की तू दुसरं लिहून आणशील."

 एवढं प्रेम आणि एवढा घात एकाच वाक्यात निवृत्तीला पूर्वी कुणी दिलेला नव्हता. तो म्हणाला, "मग अभिप्राय तसा का लिहिला?"

"कारण तो खरा आहे. तुझ्याशिवाय कुणाला उघडता येतं हे?"

आणि इथे निवृत्ती पगारेने ती गोष्ट केली जी कुठल्याही कारागिराने करू नये. त्याने आपलंच कुलूप खोटं असल्याचं मालकाला सांगितलं. किल्ल्या पंचवीसच, साहेब. बहिरूलाही उघडता येईल. साहेबांचा विश्वास बसेना. तेव्हा निवृत्तीने त्यांना विनंती केली की एक वाक्य लिहा, हवी ती किल्ली लावा, मला सांगू नका.

साहेबांनी कागदावर स्वतः हजेरी-नंबर मोजून एक ओळ कुलूपबंद केली. बाहेरच्या दालनात नऊ माणसं होती. निवृत्तीने फळ्यावर सव्वीस अक्षरं नंबरांसह लिहिली, साहेबांची ओळ लिहिली, आणि पंचवीस किल्ल्या नऊ जणांत वाटल्या, कुणाला तीन, कुणाला दोन. पहिला शब्द तेवढा वजाबाकी करून बघा, ज्याचा शब्द मराठी निघेल त्याने हात वर करा. मग तो स्वतः हात मागे बांधून भिंतीशी उभा राहिला. या कार्यालयात इतकी शांतता फक्त पगारवाढीची यादी लागली तेव्हा झाली होती. मुख्य लिपिक बोटांवर मोजत होते. विमलाबाईंनी आखलेला कागद घेतला आणि वर विषय असं लिहिलं.

वीस मिनिटांनी बहिरूने हात वर केला. त्याची किल्ली नऊ होती. त्याने उठून, गळा साफ करून, पुढचे शब्दही उलगडत उलगडत वाचून दाखवलं.

"आज. लवकर. सुट्टी. नाही."

दालनात नाराजीची कुजबुज झाली. साहेबांचं तोंड उघडंच होतं. त्यांची किल्ली नऊच होती. त्यांनी बहिरूला विचारलं, तुला कुणी सांगितलं? बहिरू म्हणाला, "कुणी नाय साहेब. आठवर कायबाय यायचं, नऊवर तुम्ही आलात."

साहेब खोलीत गेले आणि दार लावून बसले. तासाभराने त्यांनी सत्यप्रतीवर साक्षांकनाची सही केली आणि खाली पुरवणी म्हणून पेनाने लिहिलं: 'वरील अभिप्रायातील कारण आज रोजी शिल्लक नाही. कोणतेही गोपनीय पत्र उघडणे आता या कार्यालयात शिपायासह सर्वांस शक्य आहे. त्यामुळे सदर इसम इतरांपेक्षा अधिक धोकादायक राहिलेला नाही. ही बाब त्याने स्वतः निदर्शनास आणली. सबब योग्य तो निर्णय व्हावा.' पुरवणी ही मूळ पत्राचाच भाग असल्याने तिला नवा जावक क्रमांक लागत नाही, हे विमलाबाईंनी स्वतः येऊन सांगितलं, न विचारता, आणि हे वाक्य बोलल्यावर त्या लगेच निघून गेल्या.

टपालावर भरवसा नव्हता. बहिरूला खास दूत म्हणून पाकीट देऊन पुण्याच्या एस्टीत बसवलं. तो आठ दिवसांनी परतला, कारण पुण्याचे साहेब जागेवर नव्हते, मग होते पण बैठकीत होते, मग बैठक संपली पण ते जेवायला गेले. एकोणतिसाव्या दिवशी दुपारी चार वाजता तो सीलबंद पाकीट घेऊन कार्यालयात शिरला तेव्हा निवृत्ती खोलीतला आपला टिफिन, रुमाल आणि कोर्सची वही पिशवीत भरत होता. पाकिटावर तांबडा शिक्का होता.

साहेबांनी पाकीट उघडून वाचलं. घडी घातली. खणात ठेवलं. खणाला कुलूप लावलं, खरं, पितळेचं. मग निवृत्तीला आत बोलावलं. बाहेर नऊ माणसं एकाच फायलीत डोकं घालून उभी होती.

"आदेश आला आहे, पगारे."

"काय आहे, साहेब?"

"गोपनीय आहे."

"माझ्याबद्दलच ना?"

"तेच तर. तुझ्याबद्दल आहे म्हणून तुला दाखवता येत नाही." साहेबांनी किल्ली खिशात टाकली. "उद्या मात्र साडेदहाला ये. उशीर करू नकोस, हजेरीपट मी स्वतः बघणार आहे."

"उद्या तीस तारीख, साहेब. म्हणजे माझा तिसावा दिवस."

"मला मोजता येतं," साहेब म्हणाले.

दर तिसाव्या दिवशी सुलाबाईने निवृत्तीसाठी महिन्याचं दळण राखून ठेवलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गव्हाचा डबा दाराशी आणून ठेवला, तर निवृत्ती इस्त्रीचा सदरा घालून सायकलची हवा बघत होता. रात्रपाळीवरून आलेले सावळीराम पायरीवर बसून मिशरी लावत होते. त्यांनी विचारलं, आज घरी नाही का. निवृत्ती म्हणाला, ऑफिसला चाललोय. सावळीरामांचं बोट दातांवरच थांबलं.

"कायम केलं का काय तुला?"

"ते गोपनीय आहे," निवृत्ती म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली.

सुलाबाईने डबा डोक्यावर घेतला आणि स्वतःच गिरणीकडे निघाली. निवृत्ती नाशिकरोडच्या पुलावर पोहोचायच्या आत एकलहऱ्याच्या निम्म्या कॉलनीला पोरगा कायम झाल्याचं कळलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्याला गहू दळून व्हायच्या आत कळलं.